खिडकीला सोलापुरी चादर

आमच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीला गेल्या पावसाळ्यात पडदा नव्हता, चादर होती. अस्सल सोलापुरी, जाडजूड, मोराच्या नक्षीची. भौगोलिक मानांकन मिळवलेलं हे वस्त्र लोक अंगावर घेतात, आहेरात देतात. आम्ही ते चार खिळे ठोकून खिडकीत ताणलं. समोरच्या खांबावरचा जुना पिवळा दिवा गेला आणि त्याजागी पांढराफेक एलईडी आला. तो रस्त्यावर पडायचा तेवढाच आमच्या उशीवरही पडायचा. पहिल्या रात्री मुलगी दचकून उठली आणि म्हणाली, "बाबा, उजाडलं का?" रात्रीचे अडीच वाजले होते.

पौर्णिमेचा चंद्र डोक्यावर आला तरी जमिनीवर जेमतेम पाव लक्स (लक्स हे उजेडाचं माप) उजेड पडतो. रस्त्याच्या दिव्याखाली तो सहज दहा-वीस लक्स असतो. म्हणजे आमच्या बोळात रोज रात्री चाळीस ते ऐंशी पौर्णिमा एकदम उगवतात, आणि अमावस्येलाही सुट्टी घेत नाहीत. मी कोपऱ्यावरच्या दुकानदाराजवळ कुरकुर केली तर तो म्हणाला, "उजेड आहे की हो, चांगलंच आहे. नसता तर बोंबलला असता." त्याचं चूक नव्हतं. रस्त्यावर दिवा नसेल तर आपण अर्ज करतो, नगरसेवकाला गाठतो, पेपरात फोटो छापून आणतो. दिवा जास्त झाला म्हणून कुणी अर्ज केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. उजेड ही सोय आणि अंधार म्हणजे सोयीचा अभाव, असं आपण धरून चालतो. मला ते पटत नाही. रात्रीचा अंधार ही नळाच्या पाण्यासारखीच नागरी सोय आहे, आणि ती सगळ्यांना सारखी मिळत नाही, एवढंच मला इथे म्हणायचंय.

अलीकडे सूर्याच्या तालावर जगण्याचा सल्ला फार स्वस्त झालाय. तांबडं फुटायच्या आत उठा, कोवळ्या उन्हात उभे राहा, दिवेलागणीनंतर घरातले दिवे मंद करा, नऊला पाठ टेका. सल्ला खरा आहे, पण ऐकणाऱ्याकडे अंगण आहे, खिडकी आहे आणि नऊला निजायची मुभा आहे, हे त्यात गृहीत असतं. आमच्या सोलापुरात ही तिन्ही एका घरात सापडली तर तो मनुष्य भाग्यवान म्हणायचा.

सल्ल्यामागचं शास्त्र मात्र पक्कं आहे. डोळ्याच्या पडद्यात वस्तू पाहणाऱ्या पेशी असतात हे आपण शाळेत शिकलो. 2002 च्या सुमारास असं दिसून आलं की त्यांच्याखेरीज आणखी थोड्या पेशी तिथे आहेत, ज्या स्वतःच उजेड टिपतात आणि दिवस आहे की रात्र, एवढंच मेंदूतल्या घड्याळाला कळवत राहतात. त्यांच्यात मेलानॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं आणि निळसर उजेडाला, साधारण 480 नॅनोमीटरच्या आसपास, त्या सर्वांत जास्त दाद देतात. संध्याकाळी असा उजेड डोळ्यात गेला की झोपेची चाहूल देणारं मेलाटोनिन उशिरा पाझरतं. 2022 मध्ये या विषयातल्या शास्त्रज्ञांच्या एका गटाने साधे आकडे सुचवले: या पेशींना जाणवणाऱ्या उजेडाच्या मापात दिवसा डोळ्यापाशी किमान 250 लक्स असावा, झोपण्याआधीचे तीन तास 10 पेक्षा जास्त नसावा आणि झोपेत 1 पेक्षा जास्त नसावा. आपण बरोबर उलटं करतो. दिवसा पत्र्याच्या शेडमध्ये नाहीतर दुकानाच्या आतल्या अंगाला, आणि रात्री डोक्यावर पांढरी ट्यूब.

योगायोग असा की 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल निळ्या एलईडीच्या शोधाला मिळालं आणि 2017 चं वैद्यकाचं नोबेल शरीरातलं घड्याळ पेशीच्या पातळीवर कसं चालतं ते उलगडणाऱ्यांना. एकाने दिवा स्वस्त केला, दुसऱ्याने त्याची किंमत सांगितली. दरम्यान 2015 मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेतून देशभर 36 कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले. वीज वाचली, बिल उतरलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण दुकानात बल्ब मागितला की हातात येतो तो बहुधा 'कूल डे लाइट', 6,500 केल्विनचा, म्हणजे निळसर पांढऱ्या उजेडाचा. तेवढ्याच पैशात 2,700 किंवा 3,000 केल्विनचा पिवळसर बल्ब मिळतो. तो मागितला की दुकानदार विचारतो, "हॉटेलात लावायचाय का?"

आणि एक. घरोघरी सगळा राग मोबाईलवर निघतो. मोबाईल झोप उडवतो हे खरं, पण ते बरंचसं त्याच्यात जे दिसतं त्याने. नुसत्या उजेडाचा हिशेब मांडला तर हातभर अंतरावरच्या त्या छोट्या पडद्यापेक्षा भिंतीवरची चार फुटी ट्यूब डोळ्यात जास्त उजेड ओतते. मुलाच्या हातून मोबाईल काढून घेणारे वडील स्वतः त्या ट्यूबखाली अकरापर्यंत बातम्या पाहत बसतात. मीही बसतो.

आता सूर्याबद्दल. कुठल्या सूर्याच्या तालावर जगायचं हे आधी ठरवावं लागतं, कारण भिंतीवरचं घड्याळ आणि सोलापूरचा सूर्य यांचं जमत नाही. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशावरून मोजतात आणि सोलापूर 75.9 च्या आसपास आहे. एका अंशाला चार मिनिटं या हिशेबाने आपला सूर्य घड्याळाच्या सरासरी सव्वीस मिनिटं मागे चालतो. घड्याळात बारा वाजतात तेव्हा आपली दुपार व्हायला अजून अवकाश असतो. संक्रांतीच्या दिवसांत सूर्य उगवतो सातच्या सुमारास. त्या वेळी सातची शाळा गाठणारं पोर घरून निघतं तेव्हा बाहेर नुसतं फटफटलेलं असतं. 2024 च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला, ते फार बरं केलं. पण पाचवीपासून पुढच्या मुलांचं काय? वयात येताना शरीराचं घड्याळ आणखी मागे सरकतं, त्यांना रात्री झोप उशिराच लागते. नेमकी त्यांनाच आपण अंधारात उठवतो आणि पहिल्या तासाला पेंगतात म्हणून बाकावर उभं करतो.

वेळ सरकवली की माणसाच्या झोपेशी खेळ होतो, हे जुन्या गिरणी कामगारांना पक्कं कळलं होतं. 1906 च्या जानेवारीत मुंबईत प्रमाणवेळ लागू झाली, घड्याळं एकोणचाळीस मिनिटं पुढे गेली, आणि एका गिरणीतले कामगार दगड हातात घेऊन उभे राहिले. सूर्य होता तिथेच होता. हजेरीची वेळ तेवढी अंधाराकडे सरकली होती. त्याच सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले. तोवर सूर्य मावळला की यंत्र थांबायचं, म्हणजे सूर्य हाच कामगारांचा एकमेव पुढारी होता म्हणा. दिवे आल्यावर कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला गेला आणि शेवटी 1911 च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा घालावी लागली. घरातल्या उजेडाविषयी बोलताना मी गिरणीत कशाला शिरलो, असं कुणी विचारेल. सोलापुरात घर आणि गिरणी कधी वेगळी नव्हती. भोंग्यावर चूल पेटायची, भोंग्यावर मुलं उठायची.

भोंगे बंद पडले, माग राहिले. पूर्व भागात आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागाच्या कितीतरी शेडमध्ये आजही बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या चालतात. रातपाळीचा माणूस सकाळी घरी येतो. त्याला अंधार हवा असतो तेव्हा बाहेर लख्ख ऊन, वर तापलेला पत्रा, खोली एकच, त्यात मुलांची शाळेची गडबड. दिवसपाळीवाला आत जातो तेव्हा ऊन कोवळं असतं, बाहेर पडतो तेव्हा मावळलेलं. सूर्य त्याला रविवारी दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने 2007 मध्ये, आणि फेरतपासणी करून 2019 मध्ये पुन्हा, शरीराची लय मोडणाऱ्या रातपाळीला 'बहुधा कर्करोगकारक' गटात घातलं. या माणसाला सूर्यासोबत उठायला सांगणं म्हणजे उपाशी माणसाला सावकाश चावून खा म्हणण्यासारखं आहे.

गावाकडे गेलं तरी हीच तऱ्हा. शेतीपंपाला थ्री फेज लाईट आळीपाळीने, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की शेतकरी बॅटरी आणि काठी घेऊन उसात दारं धरायला जातो, विंचवाकाट्यात, थंडीत. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून 2017 पासून राज्यात सौर कृषी वाहिनी योजना आहे. तिची चर्चा युनिट आणि अनुदानाच्या भाषेत होते. माझ्या मते ती झोपेचीही योजना आहे. आणि शहरात? काही दिवसांआड येणारं नळाचं पाणी कित्येक गल्ल्यांत अपरात्री येतं. आमच्या बोळात नळाची सूं सूं ऐकू आली की सगळी घरं एकदम पेटतात. मोटारी, बादल्या, "आलं का, आलं का" अशी हाकाहाक. तासाभराने पुन्हा निजानीज. झोप ही काय एकट्याच्या इच्छाशक्तीची गोष्ट आहे?

घरांचं सांगायचं तर इथे मोठा पेच आहे. बाहेरून आलेला सल्ला म्हणतो, घरात भरपूर उजेड घ्या, काचेच्या मोठ्या खिडक्या करा. सोलापुरात पश्चिमेला काच लावून मे महिन्यात दुपारी चार वाजता तिच्यासमोर बसून दाखवावं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य इथे दुपारी थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली नाहीशी होते. मेमध्ये तर पारा चाळिशी ओलांडून बसलेला असतो. त्या दिवसांत घरात उजेड येणं म्हणजे घरात ऊन येणं. म्हणून जुनी माणसं दुपारचं घर अंधारं ठेवायची. जाड भिंतींचं माळवदाचं घर, खिडक्या नावापुरत्या, आणि छताला एक साणं. त्या भोकातून उजेडाचा एक खांब आत उतरायचा आणि दिवसभर जमिनीवरून सरकत भिंतीवर चढायचा. माझी आजी त्याच्याकडे बघून तांदूळ चुलीवर टाकायची. पाऊस आला की साण्यावर झाकण. रात्रीच्या पणतीला भिंतीत दिवळी, तिच्या वरच्या अंगाला काजळीचा टिळा.

या घरांचे गोडवे गाऊन थांबणं सोपं आहे. पण त्या अंधारात धूर कोंडायचा, बाळंतिणीची खोली म्हणजे कोठडी असायची, आणि सुईत दोरा ओवायला बायका उंबऱ्यावर येऊन बसायच्या. त्या घरांची खरी शहाणीव उजेड कमी घेण्यात नव्हती. तो वरून, थोडा आणि थंड घेण्यात होती. शिवाय त्या घरातली माणसं दिवसाचा बराच वेळ घराबाहेर असायची, शेतात, ओट्यावर, परसात. डोळ्याला उजेड बाहेर मिळायचा, घर फक्त सावलीला. आज आपण घर तसंच अंधारं ठेवतो आणि दिवसभर आतच बसतो. राष्ट्रीय इमारत संहिता उष्ण-कोरड्या प्रदेशात खिडक्या खोलीच्या जमिनीच्या क्षेत्रफळाच्या एक दशांश तरी असाव्यात म्हणते, दमट प्रदेशात एक षष्ठांश. म्हणजे आपल्याकडे खिडकी लहान चालेल हे संहितेलाही मान्य आहे. मग ती पूर्वेला की पश्चिमेला, तिच्यावर छज्जा आहे की नाही, याला सगळं महत्त्व येतं. बिल्डरच्या नकाशात मात्र खिडकी जिथे जागा उरली तिथे असते.

म्हणून सोलापूरकराने उजेड घ्यायचा तो सकाळी आठच्या आत, आणि गच्चीवर. उघड्यावर ढगाळ दिवशीही काही हजार लक्स असतात. घरातल्या दिव्याखाली दोनशे-तीनशे. अर्धा तास गच्चीवर चहा प्यायला, पोरांनी तिथेच पाढे म्हटले, तर दुपारी खिडक्या लावून घ्यायला हरकत नाही. योगासनं वगैरे करायचीच असं काही नाही.

दुसरा गोड गैरसमज असा, की पूर्वी लोक दिवस मावळला की झोपायचे. दिव्याच्या अवसेला दिवे घासून पुसून पुजणारी, तिन्हीसांजेला निजू नये म्हणणारी आणि कोजागिरीला चंद्र माथ्यावर येईपर्यंत जागणारी आपली परंपरा असं कधी म्हणालेलीच नाही. देवळात भजन रात्रीच रंगायचं. टांझानिया, नामिबिया आणि बोलिव्हियातल्या, वीज नसलेल्या तीन जमातींच्या झोपेचा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. ती माणसं सूर्य मावळल्यावर सरासरी तीन तासांहून जास्त जागी असायची. शेकोटीभोवती. म्हणजे प्रश्न जागण्याचा नाही. शेकोटीचा उजेड तांबूस, खाली, आणि मंद असतो. ज्या पेशी मेंदूला 'दिवस आहे' म्हणून कळवतात त्यांच्यापर्यंत त्यातलं फारसं काही पोचत नाही. आणि पहाटेच्या जात्यावरच्या ओव्यांचं कौतुक करताना एवढं आठवावं की ती बाई इतरांची झोप व्हावी म्हणून उठलेली असायची. अंधाराची सर्वांत मोठी वाटणी तिच्या वाट्याला आली ती कामाची आणि भीतीची. उघड्यावर जायला अंधाराची वाट पाहणाऱ्या बायकांना 'अंधार जपा' म्हणायची माझी छाती नाही.

म्हणून मी दिवे काढा म्हणत नाही. दिवा जिथे हवा तिथे टाका म्हणतो. भगभगीत, उघड्या डोक्याच्या दिव्याने रस्ता सुरक्षित होतोच असं नाही. डोळे दिपतात आणि दिव्यापलीकडची सावली आणखी काळी होते, तिथे कोण उभं आहे ते दिसत नाही. दिव्याला वरून टोपी असावी, प्रकाश खाली पडावा, रंग पिवळसर असावा, मध्यरात्रीनंतर तो थोडा मंद करता यावा. यातलं काहीही परग्रहावरचं नाही. फ्रान्समध्ये 2013 पासून दुकानांच्या काचांतले दिवे रात्री एकनंतर बंद ठेवावे लागतात. आपल्याच राज्यात पेंच व्याघ्र प्रकल्पाला 2024 च्या जानेवारीत देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. वाघांना आणि ताऱ्यांना जे देता येतं ते माणसांना द्यायला एवढा संकोच का? जगभरातल्या लोकांनी नुसत्या डोळ्यांनी तारे मोजून पाठवलेल्या नोंदींवरून 2011 ते 2022 या काळात रात्रीचं आकाश वर्षाला साधारण 10 टक्क्यांनी उजळत गेल्याचं दिसलं. त्या वेगाने आठ वर्षांच्या आत ते दुप्पट उजळ होतं.

नव्या वसाहतींत हे आधीच करता येईल. कुंभारीजवळ रे नगरची 30,000 घरांची वसाहत घ्या. पहिल्या 15,000 घरांच्या चाव्या 19 जानेवारी 2024 ला दिल्या गेल्या. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, चिंध्या वेचणारे यांची ही घरं. छोट्या घरात झोपायची खोली रस्त्यापासून दूर नेता येत नाही, तेव्हा खांबच नीट लावावा लागतो. पैसे जवळपास तेवढेच लागतात, विचार थोडा जास्त. राहता राहिला गड्डा, म्हणजे आमची सिद्धेश्वराची जत्रा. होम मैदानावरचे पाळणे, रोषणाई, शोभेचं दारूकाम याला माझा आक्षेप आहे असं कुणी समजू नये. जत्रा जत्रेपुरती असते. बारा महिने जाहिरातीच्या पडद्यांची जत्रा चालते, आक्षेप तिला आहे.

तर खांबाचं काय झालं ते सांगतो. दिवाळीच्या आधी वायरमन दुसऱ्याच कामासाठी शिडी घेऊन बोळात आला. मी त्याला चहा पाजला आणि दिव्याच्या आमच्या बाजूला पत्र्याचा तुकडा बांधून घेतला. रात्री खोलीत खराखुरा अंधार. चादर काढून धुवायला टाकली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या अक्का दारात. त्यांच्या ओट्यावर एकदम काळोख झाला होता. अक्का विड्या वळतात. हजार भरेपर्यंत त्यांना अकरा वाजतात, आणि घरातला बल्ब लावला तर बिल वाढतं आणि नातवंडं झोपत नाहीत, म्हणून त्या ओट्यावर बसतात. इतकी वर्षं मी त्यांना तिथे बसलेलं पाहत होतो. त्या हवेला बसतात असं मला वाटायचं.

वायरमनला पुन्हा बोलावलं. तो वैतागला, "एकदा काय ते ठरवा की!" मग शिडीवर उभा राहून पत्रा थोडा थोडा वाकवत राहिला. खाली अक्का सूप मांडीवर घेऊन बसलेल्या, वर खिडकीत मी. "अजून इकडं, अजून. हां, बास," असं आम्ही दोघंही ओरडत होतो. शेवटी ओट्यावर उजेड आला. आमच्या खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात बोटभर पट्टी अजून पडते. चादर पुन्हा लावायची का, यावर घरात एकमत झालेलं नाही.